खुलासा

आपलं पत्र गुरुवारी मिळालं.
मुचकुंदीच्या पुलावर पोस्टमनची गाडी पंक्चर झाली होती.
सात दिवसांत खुलासा मागितलाय,
त्यातले पाच पत्रानंच खाल्ले.

तर, तीनशे चाळीस रुपये.
भाजीच्या सदरात शिल्लक का, असं विचारता.
होड्या नुकत्या पाण्यात गेल्या होत्या, साहेब,
आणि पुलापलीकडून हसीनाखाला
रोज टोपभर तारल्या आणत होती,
जावयाच्या जाळ्यातल्या, अजून चमकणाऱ्या.
पडवळ आणलं असतं तर हिशेब जुळला असता.
पडवळ मांजरानंही हुंगलं नसतं.
तारल्यांची पावती नाही.
खाला म्हणाली, पावती कसली मागतेस, तोंडं बघ त्यांची.
तोंडं जोडली आहेत, परिशिष्ट ब.
पैसे पावसच्या बँकेत चलनानं परत भरले.
एसटीचं तिकीट माझं, ते कुठल्याच सदरात नाही.

बाबल्या डोर्लेकर एकच.
पहिल्या तिमाहीत गळती, कारण स्थलांतर,
दुसऱ्या तिमाहीत नवीन लाभार्थी, वय एक्क्याऐंशी.
मुलानं विरारला नेलं होतं, चौथ्या मजल्यावर.
खिडकीत बोट ओलं करून धरायचा,
पण वारा कुठला तेच कळेना, म्हणाला.
चाळीस दिवसांनी रातराणीनं उतरला,
पिशवीत एक लुंगी नि सुनेनं दिलेली बिस्किटं.
तुमच्या नमुन्यात 'परत आले' असा रकाना नाही.
म्हणून नवीन.
आम्ही हसलो तेव्हा तोही हसला,
आणि नवा म्हणून
पंगतीत पहिली वाढ मागू लागला.

सुधारणा, टक्क्यांत:
ही जागा मी कोरी सोडली, ते खरं.
मागच्या वर्षी चाळीस लिहिलं होतं.
त्याच्या मागच्या वर्षीही चाळीस.
कुणी विचारलं नाही.
यंदा पेन तिथं थांबलं, कारण येसूबाय.
थोरला खडपावरून वाहून गेला त्यानंतर
ती दोन वर्षं इथं येऊन नुसती बसायची,
सुरूच्या झाडांकडे पाठ करून.
आता पत्त्यांत चोरी करते.
इस्पिकची राणी कमरेला खोवते
आणि पकडलं तर शिव्या देते, मोठ्यानं, ठणठणीत.
हे किती टक्के धरायचं
ते आपणच कळवावं.

उरला फोटो.
नोंदवहीत बावीस, फोटोत डोकी तेवीस,
मागच्या रांगेत, खांबापाशी,
आपण लाल पेनानं गोल केलाय.
तारीख नि ठिकाण उमटेल असा फोटो हवा होता,
आणि तसा मोबाइल इथं फक्त पोस्टमनकडे.
मी बाजूला उभी होते, रजिस्टर घेऊन.
येसूबायनं पदर धरून ओढलं:
तू काय वेगळी गो?

गोलातली ती मी.
केंद्र चालवते, अहवाल लिहिते,
खाली सही आहे तीच.
जुलैत एकसष्ट पूर्ण झाली.
गुडघ्याचं कुणाला सांगितलेलं नाही,
इथंही सांगायचं कारण नव्हतं.
मी लाभार्थी नाही,
असं लिहिताना 'नाही'च्या आधी
एक शब्द जास्तीचा पडला होता.
तो खोडलाय.
खाडाखोडीवर, नियमाप्रमाणे,
छोटी सही केली आहे.