रकाना

स्वानंद विचारतो फोनवर, लांज्याहून:
मामा, दोन सेंटरं आहेत.
एकाची फी अठरा हजार, महिन्यात सर्टिफिकेट,
वर सोनेरी होलोग्राम.
दुसऱ्याची साठ, सहा महिने,
आणि म्हणतात, मान्यता आहे.
मान्यतेनं काय फरक पडतो?

सोहारच्या कॅम्पात मी डबा धुतोय.
खिडकीत रिफायनरीची ज्वाला, रोजचीच.
काय सांगू.

मी शिकलो बशीर खलफेंच्या पत्र्याच्या शेडमध्ये,
साखरप्याच्या वळणावर.
पाटी नव्हती, फळा नव्हता,
चाचांच्या खोकल्याची उबळ होती
आणि एकच वाक्य:
आगीकडं नको, डबक्याकडं बघ.
वितळल्या लोखंडाचं ते शेंगदाण्याएवढं डबकं
मी अजून बघतो.

त्या शेडचा कागद नव्हता,
म्हणून इथं तीन वर्षं हेल्पर.
दुसऱ्याचे रॉड ओव्हनमधून काढून द्यायचे,
दुसऱ्याच्या वेल्डवर ग्राइंडर फिरवायचा,
शिव्या मनातल्या मनात.
शिक्क्याला हात नसतात रे,
पण गेटची कडी त्यालाच सापडते.

मग गेल्या रमझानात सुजय ढेकणे आला,
होलोग्रामवाला.
आईच्या पाटल्या विकून आलेला.
तिरका पाइप, चार तास, घामानं काच धुरकटलेली.
फिल्म दिव्यावर धरली
आणि फिलिपिनो इन्स्पेक्टर काही बोललाच नाही.
मी वाकून बघितलं:
घावनाला पडते तशी जाळी.
तव्यावर हिचं कौतुक करतात.
इथं त्या पाइपातून वाफ जाणार होती
आणि खाली सावलीत माणसं जेवायला बसणार होती.

सर्टिफिकेटवरच्या नंबरावर मीच फोन लावला.
मोबाइल रिचार्जचं दुकान निघालं.
तिकीट होईपर्यंत दोन रात्री
तो माझ्या वरच्या बंकवर होता.
बंक करकरत राहिला.

तर, मान्यता असली तर कुणाची, ते विचार.
नंबर तिथंच उभा राहून लाव.
एका पोरामागं रॉड किती जाळतात, विचार,
आणि वर्षाला नापास किती करतात.
कुणालाच नाही म्हणाले
तर चहा पी आणि निघून ये.

चौथ्या वर्षी मी परीक्षा दिली. फिल्म कोरी निघाली.
आता कार्ड आहे: फोटो, नंबर,
संस्थेचं नाव, संपायची तारीख.
शिकवलं कुणी,
याला रकाना नाही.

रात्रपाळीत सांधा निवला की
शेजारी माझा नंबर ठोकतो, डब्ल्यू एकशे चौदा,
आणि खाली संगजिऱ्यानं लिहितो: खलफे.
सकाळी रंगारी येतात.