काळ्याची किंमत

रिओ ग्रांदेत वारा असा, की झाडंही
एका कुशीवर वाढतात.
कारखान्यात मात्र एक बिनखिडकीची खोली आहे.
तिथे नेलिदा ओयार्सो दिवसभर
काळं बघते.

पडदा पेटवायचा आणि त्याला सांगायचं, काही दाखवू नकोस.
मग कोपऱ्यातून उजेड झिरपतो,
दाराखालून शेजाऱ्यांचा यावा तसा.
मागचा दिवा जळतच असतो, स्फटिक नुसते पाठ फिरवतात.
हे स्वस्तातलं काळं. राखाडीच म्हणा ना.
महागड्या टीव्हीत ठिपका न् ठिपका स्वतः विझतो.
वरचे पैसे मोजायचे ते उजेडासाठी नव्हेतच,
हे तिला पहिल्याच हिवाळ्यात कळलं,
बाहेर सतरा तासांची रात्र फुकट पडलेली असताना.

"एकूण ठिपके किती?" बापाने विचारलं.
वीस लाखांवर.
"आणि त्यातला मेलेला एक तू शोधतेस?"
एलेउतेरिओने चाळीस वर्षं मेंढ्या मोजल्या,
फाटकातून पळताना, दर शंभराला खिशात एक खडा.
त्याला आकडा खोटा वाटला नाही.
"पगार कमी देतात तुला," एवढंच म्हणाला.

तिच्या हाताखालून गेलेली पेटी
गावच्या दुकानात बारा हप्त्यांना.
सामुद्रधुनीपलीकडे, चिलीत, तसलीच निम्म्यात.
म्हणून शनिवारी दोघं फेरीबोटीत.

पुंता अरेनासच्या दुकानात भिंतभर
पोपट, पपया, भर दुपार.
"रात्र दाखवा," ती म्हणाली.
विक्रेता यांको गोंधळला. रात्र त्याच्याकडे नव्हती.
तो इंच सांगू लागला, रेषा सांगू लागला, चौपट बारीक,
ती मनात मोजत होती : चुलीपासून भिंत नऊ फूट,
बापाच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू,
निम्म्या रेषा वाटेतच सांडणार.
"पुढच्या वर्षी आणखी उतरेल," यांको प्रामाणिकपणे म्हणाला.
उतरेल. नजरही उतरेल.
तिने मधला घेतला.

परतताना खोका आडवा ठेवायचा नसतो म्हणून
बापाने तो गुडघ्यांत धरला,
लोकर कापताना मेंढी धरावी तसा,
आणि सीमेपर्यंत त्याच्याशी काहीबाही बोलत राहिला.

रात्री सवयीनं तिने दिवा मालवला, पडदा काळा केला.
खाली डाव्या कोपऱ्यात उजेड.
कारखान्यात असता तर परत पाठवला असता.
ती काही बोलली नाही.
बाप खुर्ची पुढे ओढत म्हणाला,
"तिकडे उजाडतंय वाटतं."