डब्यावर लिहिलं होतं : मिर्ताचं लग्न

डबा उघडला आणि व्हिनेगरचा वास
खोलीभर झाला.
आमच्या धंद्यात हा मढ्याचा वास.
फिल्म मरताना आधी आंबते, मग आक्रसते,
मग ओळख देत नाही.

पायसांदू, त्र्याहत्तर साल.
नदीकाठचा कातडी कारखाना, कुलूपबंद फाटक
आणि फाटकाबाहेर चौदा दिवस बसलेली माणसं.
दार्दो एत्चेवेरीने उसन्या कॅमेऱ्याने टिपली.
नऊ मिनिटं. नऊच,
कारण रीळ तेवढंच परवडलं,
शिवाय भाषणांचा त्याला कंटाळा.
आवाज नाही. एक बाई फाटक्या हातमोज्यातून
बोटं काढून दिवस मोजते,
बोटं संपतात, शेजारणीची घेते.

हे सगळं एलिदाकडून ऐकलेलं.
ती जोडकाम करायची. आता एक्क्याऐंशीची आहे.
एकदाच दाखवली, चर्चच्या तळघरात, चादरीवर,
तीसेक जणांना. त्यातले किती उरलेत
विचारू नका.

शिपाई गल्लीच्या तोंडाशी आले
तेव्हा तिने चुलतबहिणीच्या लग्नाचं रीळ उचललं,
न बघताच फिल्मच्या पुढे डकवलं.
शिपायांनी लावून पाहिलं.
केक. वऱ्हाड. टांगोत बायकोचे पाय तुडवणारा काका.
चौथ्या मिनिटाला सार्जंटने जांभई दिली,
"लग्नं मेली सगळी सारखीच,"
आणि यंत्र बंद केलं.

डबा वाचला. दार्दो त्याच आठवड्यात गेला.
गेला म्हणजे नेला.
आमच्याकडे ही दोन क्रियापदं
बरीच वर्षं एकच होती.

आज उलगडायला बसले, तर ती नऊ मिनिटं
एकमेकींना चिकटून काळी वडी झालेली.
नखभरही सुटेना.
एलिदा रडली नाही. "बाकीचं लाव," म्हणाली.
मग मी लग्न लावलं.

केक. वऱ्हाड. काका.
आणि मेजाच्या टोकाला, चौकटीने अर्धा कापलेला
कुणीतरी बाह्या सरकवून वाईन ओततोय,
सांडतो, ओशाळतो, रुमालाने टिपतो,
कॅमेऱ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवतो :
सांगू नका हं.
सहा सेकंद.
कॅमेरा त्या दिवशी दुसऱ्याच कुणाच्या हातात होता.

"हा जेवायला आला होता?" एलिदा म्हणाली,
"आला होता, नाही का."

त्याच्या आईला आलेलं सरकारी पत्र
आमच्याच कपाटात आहे, तिसऱ्या खणात :
या नावाचा इसम या गावी
राहिल्याची नोंद नाही.

नोंदवहीत 'विषय' असा रकाना असतो.
मी पेन धरून बसले आहे.
एलिदा मिर्ताला फोन लावते,
मोठ्याने बोलते, दोघींनाही कमी ऐकू येतं.
मेजपोस अजून आहे म्हणे.
डाग गेला नाही. तेव्हा फार चिडले होते गं मी,
नवा कोरा होता.