तीस रुपयांचा चाकू

तासगावच्या आठवडी बाजारात
पोतं अंथरून बसलेला तो माणूस
चाकू विकत नाही, ढीग विकतो.
नेलकटर, कंगवे, कुलपं, कानकोरणी,
आणि त्यांच्या मधेच
गळाला लागलेल्या माशांसारखे
घडीचे चाकू. कुठलाही घ्या, तीस.

मी दरवर्षी घेतो.
आतापर्यंत अकरा झाले.
दोन म्हैसाळच्या कॅनॉलात,
एकाची मूठ निघाली मेव्हणीच्या घरी, नारळ सोलताना,
एक एसटीच्या सीटवर राहिला;
मी शिरढोणला उतरलो, तो जतला गेला.
बाकीच्यांचं मला सांगता येत नाही.
स्वस्त वस्तू हरवत नाही,
ती नुसती
एक दिवस आपल्याकडं नसते.

तेजपाल म्हणाला, मामा, घ्यावा का असला?
टोळीत पहिलंच वर्ष पोराचं.
म्हटलं, चल, दस्तगीरला विचारू.

दस्तगीर शिकलगार पातं बघतच नाही.
सायकल स्टँडवर, पाय पायडलवर,
चाकू सहाणेला टेकवतो आणि ठिणगी बघतो.
‘तांबडी. आखूड. जन्मायच्या आधीच विझती.’
मग माझा दुसरा मागून घेतला,
लाकडी मुठीचा, साडेआठशेचा,
आणि सहाणेवर लाह्या फुटाव्यात
तशा पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्या उडाल्या.
दस्तगीर हसला.
‘तीसच्या चाकूला वीसची धार.
मला घ्यायची लाज वाटती,
तुम्हाला द्यायची वाटत नाही?’

खरं आहे. कलमाला तो चालत नाही.
डोळ्याची काडी पाचरीसारखी तासायची
दोन्ही अंगांनी, एकेका ओढीत.
तीसवाला कापत नाही, चावतो.
पहिल्या वर्षी शंभरातली माझी एकोणीस कलमं
फुटायच्या आधीच काळी पडली.
सुकुमार चौगुले, बागेचा मालक,
ओरडला असता तर बरं झालं असतं.
तो वाकून, हळू आवाजात
मोजत गेला.

शिवाय मान ढिली.
टेप कापताना घडी मिटली ती बोटावर.
चाकू तीसचा, टाके चार.
ते बोट अजून
थंडीत माझ्या आधी उठतं.

हे सगळं तेजपालला सांगितलं.
नाही सांगितलं ते असं:
साडेआठशेचा मी फडक्यात गुंडाळून ठेवतो.
कलमं संपली की तो ट्रंकेत, मी बाहेर.
एकदा अशोकनं नेला, आंब्याची फांदी काढायला,
मी चार दिवसांत तीनदा निरोप धाडला.
चाकू परत आला, तेल लावून.
अशोक मात्र त्यानंतर
पारावर माझ्या शेजारी बसला नाही.

आणि मणेराजुरीच्या ओढ्यात वासरू
नायलॉनच्या दोरीत गुरफटलं, गळ्यापर्यंत,
माणसं चाकू चाकू म्हणत पळत होती,
तेव्हा खिशात तीसवालाच होता.
करवतीसारखा घासला. किती वेळ, आठवत नाही.
शालन वासराची मान धरून बसली होती,
म्हणत होती, तुटंल, तुटंल.
तुटली.
पात्याचं टोक वाकलं ते कायमचं.
वासरू उठलं आणि मला लाथ घालून गेलं.

तेव्हा घ्यावा की नाही?
तेजपाल अजून उभाच, नोट हातात घेऊन.
म्हटलं, घे.
काकडीला घे, सुतळीला घे, खताच्या पोत्याला घे.
मागेल त्याला दे, विसरून जा.
पण वेलीच्या ओळीत पाय ठेवलास
तर खिशातून काढायचा नाही.

त्यानं घेतला. लाल मुठीचा.
मग वळून बघतो तर मी
पोत्यापुढं उकिडवा बसलेला,
एकेक चाकू उघडतोय, मिटतोय,
कानाजवळ नेऊन मान हलवून बघतोय,
की एवढ्या ढिगात एखादा असेल
चुकून चांगला झालेला.