छत्तीसच्या वर

बेलापूर, ट्रस्टचा दवाखाना, तिसरा मजला.
सकाळचे पावणेआठ.
चांगुणाबाई तांडेल, वय एकसष्ट, दिवाळे गाव,
पोटात गाठ.
हिरव्या गाऊनमधून बाहेर आलेले हात
बर्फाने चिरलेले, बोटांची टोकं पांढुरकी.
मी गरम हवेची चादर अंगावर पसरतो, नळी जोडतो,
चादर फुगते तशी ती हसते :
"माना नको ता. माजा जलम बरफान गेला."

खरंय मावशी.
पण बर्फाशी तू जागेपणी भांडलीस,
कुडकुडून, पदर आवळून, चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून.
आता मुकादम मॅडम तुला झोपवतील
आणि तुझं कुडकुडणंही झोपेल.
खाडीच्या बांधाची उघाडी कुणी उचलून ठेवावी
तशी आतली ऊब हातापायांकडे वाहत सुटेल,
पहिल्या तासात एक-दीड अंश,
आवाज न करता.
म्हणून अर्धा तास आधीपासून हे. पडून राहा.

डॉक्टर कर्णिकांना घाम येतो.
अंगावर जाड गाऊन, डोक्यावर दिवे,
"एसी अठरावर कर रे."
मी मॅडमकडे बघतो, मॅडम आकड्याकडे.
"एकवीस राहू दे, सर. पोट उघडं आहे."
मग बराच वेळ फक्त यंत्रं बोलतात.
छत्तीस चार.
छत्तीस एक.
पस्तीस नऊ.

बाहेर पस्तीस नऊ म्हणजे काहीच नाही,
एक साधा मंगळवार.
इथे रक्त गोठायला आळस करतं,
जखम भरायला दिवस मागते.
मी सलाइनचा हीटर तपासतो,
डोक्यावरची टोपी कानांपर्यंत ओढतो,
खांद्याखाली चादरीची कड खोचतो.
ही बाई पहाटे चारला
पाटीवर ओलं बारदान असंच खोचत असणार,
गारवा पळू नये म्हणून.
तिचंच काम करतोय, उलटं.

छत्तीस.
पोट धुवायचं पाणी कोमट आहे ना, मॅडम विचारतात.
आहे.
छत्तीस तीन.

ती जागी झाली तेव्हा दात वाजले नाहीत.
डोळे अर्धे मिटलेले, चाचपडत माझी बोटं धरली,
"तुजं हात किती गार रं, पोरा."
आत्ताच धुतले होते.

कागदावर आकडा लिहिला, सही केली.
पुढचा पेशंट, हर्निया, व्हरांड्यात
पातळ चादरीत कधीचा पडून होता.
नळी काढून
आधी तिकडे गेलो.