खोडावरचा आकडा

खुर्च्या बारा, माणसं नऊ.
इतिवृत्त लिहायला मी, कोपऱ्यात,
जिथे खिडकीची फट सांता मारिया द फेइराचा
ओला वारा आत सोडते.
टेबलावर बुचांची परडी.
कुणी ना कुणी एक उचलतं, दाबतं, सोडतं.
बूच होतं तसं होतं.
आमच्या कंपनीची नव्वद वर्षांची कमाई हीच :
दाबलं तरी परत येणं.

लिस्बनचा सल्लागार विरियातु
फळ्यावर भविष्य मांडतो, डावीकडून उजवीकडे.
योजना अकरा. पैसे तिघींपुरते.
पोटात चिप असलेलं, वाइनचा ताप सांगणारं बूच.
यानाला बांधायचं कवच, परतीच्या जाळात
स्वतः जळून आतल्यांना गार ठेवणारं.
बुचाच्या कोळशाची बॅटरी.
प्रत्येक बूच हुंगून कुबट तेवढं वेगळं काढणारं यंत्र.
झाडाशिवाय, काचेच्या ताटलीत वाढवलेली साल.
"दोन हजार चाळीसमध्ये," तो म्हणतो,
आणि चाळीस असं उच्चारतो
जणू तिथे त्याचं घर आहे, किल्ली खिशात.

दोना लिओनिल्द गप्प.
त्यांच्या शेजारी कुस्तोदियु,
आलेंतेजूहून सहा तास बसने आलेला, साल सोलणारा.
हात टेबलाखाली.
"तुम्हाला काय वाटतं?" विरियातुने विचारलं,
पाहुण्याला अजून एक बिस्कीट विचारावं तसं.

तो म्हणाला, कुऱ्हाड लागली की आवाज ऐकायचा.
पोकळ आला, तर साल सुटायला तयार.
कोरडा आला, तर पुढच्या झाडाकडे जायचं.
जोर करायचा नाही.
आतलं कातडं दुखावलं
तर त्या जागी पुन्हा चांगली साल धरत नाही,
आणि झाड ते लपवतही नाही.

मग म्हणाला, या हिवाळ्यात चारशे रोपं लावली.
पहिली साल पंचवीस वर्षांनी, बाटलीच्या कामाची नाही.
दुसरी चौतिसाव्या वर्षी, तीही राठ.
बाटलीत बसेल असं बूच त्रेचाळिसाव्या.
म्हणजे दोन हजार एकोणसत्तर.
"तुमच्या फळ्यावर ते कुठे येतं?"

विरियातुने प्रामाणिकपणे मोजलं.
फळा संपला, भिंत आली,
भिंतीनंतर खिडकी.
टिंब द्यायला उचललेलं पेन काचेशी थांबलं.
मी लिहिलं : थोडा वेळ शांतता.

त्यानंतर दोन तास जे झालं
ते इतिवृत्तात अर्ध्या पानात मावलं आहे.
यंत्राच्या नाकाला पैसे मिळाले,
कारण कुबट बाटल्या आजच परत येताहेत.
कवचाला मिळाले.
एदुआर्दा उठली आणि ताटलीतली साल पुसली,
तिची स्वतःची, चार वर्षांच्या रात्रींची.
"आवाज कोरडा येतोय," ती म्हणाली. "अजून."
पुसताना ताटलीचा काना तेवढा राहिला.

तिसऱ्या जागेवरून भांडण पेटलं.
दोना लिओनिल्द म्हणाल्या, ती ओळ रिकामी ठेवा.
पण पैसे तिच्या नावावर लिहा.
"नाव काय लिहू?" हिशेबनीस बेल्मिरू.
"पाळणा आधी. नाव मागाहून."
आयुष्यभर बुचं मोजणाऱ्या बेल्मिरूच्या
तोंडालाच बूच बसलं.

पाचची बस होती. दारात कुस्तोदियुने मला सांगितलं,
साल काढली की उघड्या खोडावर
वर्षाचा शेवटचा आकडा रंगवतात, पांढरा.
यंदा सहा.
पस्तीस साली कुणीतरी येईल, सहा वाचेल, कुऱ्हाड काढेल.
तो मी असेनच असं नाही.
"आणि मधली नऊ वर्षं?"
"सावली," तो म्हणाला. "डुकरं. पाखरं."

रात्री फाइलवर तारीख घातली,
मग खोडण्याच्या पांढऱ्या शाईची बाटली घेतली
आणि त्या इवल्या ब्रशने तारखेवरच
मोठा सहा काढला.
वाळेपर्यंत हात लावला नाही.