न पाठवण्याची यादी

हॅलिफॅक्स, रात्रीचे अकरा.
बियाण्यांच्या दुकानाचं डोमेन
आज नव्या प्रोव्हायडरकडे नांदायला चाललंय.

जुन्या नोंदी पुसल्या. सहीची लांबलचक किल्ली
चिकटवली. एक अक्षर सुटलं, पुन्हा चिकटवली.

नव्या घरी अजून पत नाही.
पहिल्या दिवशी पन्नासच पत्रं, मग शंभर;
घाई केली की थेट स्पॅममध्ये.
माझंही इथं तसंच झालं:
शेजारच्या डोरीननं आधी फक्त पार्सल ठेवून घेतलं,
चहा वर्षभरानं.

शेवटची फाइल उरली:
ज्यांना पाठवायचं नाही, त्यांची.
एका नावापुढे कुणीतरी टिपलंय,
‘बाई वारल्या. वाटाण्याचं बी
आता नको, मिस्टर ऑकरॉइड म्हणाले.
दोनदा थँक्यू म्हणाले.’

ती यादी मी आधी चढवली.
पन्नास पत्रं नंतर.